ग्रहण, विळी आणि आईवरचा आळ

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील गाळून) : तालुक्याच्या गावातल्या माध्यमिक शाळेत या बाई आठवीला विज्ञान शिकवतात. ३ मार्चच्या चंद्रग्रहणाच्या निमित्तानं त्यांनी एक तास ग्रहणावर घेतला. बोलण्याच्या ओघात म्हणाल्या, "ग्रहणात विळी-चाकूला हात लावला की पोटातल्या बाळाचा ओठ फाटतो, असं मानणारी अडाणी माणसं अजून आहेत." वर्ग हसला. एक मुलगी हसली नाही. जानेवारीच्या मध्यावर तिला भाऊ झाला, त्याचा वरचा ओठ दुभंगलेला आहे. ७ सप्टेंबरच्या ग्रहणात सुनेनं कांदा चिरला म्हणूनच हे झालं, असं तिची आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. बाईंना हे सगळं नंतर कळलं. दोन दिवसांनी आजी शाळेत आल्या आणि "पुस्तकात आहे ते शिकवा, आमच्या घरात शिरू नका" असं सुनावून गेल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "पोर्शन पुरा करा, धर्माच्या भानगडीत पडू नका." मुलीनं चाचणीत ग्रहणाची आकृती बिनचूक काढली, पैकीच्या पैकी मार्क मिळवले. पण आता ती तासाला मान वर करत नाही. बाई विचारतात : श्रद्धेचा आदर करायचा म्हणजे विज्ञानानं गप्प बसायचं का?

नमस्कार बाई,

शाळेत तीस वर्षं हीच हाक ऐकली, म्हणून तुम्हालाही तीच मारते.

तुमचं वर्गातलं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात दोन गोष्टी आहेत. एक ओठाबद्दलची : विळीनं ओठ फाटत नाही. ती खरी आहे. दुसरी माणसांबद्दलची : असं मानणारे अडाणी. ती तुमची आहे. विज्ञानाच्या तासाला ती कुणी मागितली नव्हती, आणि वर्ग हसला तो या दुसरीलाच. त्यामुळे 'मी खरं बोलले आणि श्रद्धा दुखावली' हा तुमचा हिशेब मला पटत नाही. नुसतं खरं बोलला असतात तर आजींना शाळेची पायरी चढावी लागली नसती असं मला वाटतं.

आता त्या मुलीच्या बाकावर बसून ऐका. घरी आजी म्हणते, आईनं चूक केली. शाळेत बाई म्हणतात, आजी अडाणी. बाळंतिणीला बघायला आलेल्या बायका पदराआड कुजबुजतात. या सगळ्यात 'तुझ्या आईचा काही दोष नाही' हे वाक्य तिला कुणी ऐकवलेलंच नाही. ते अधिकारानं सांगू शकणारं तिच्या ओळखीचं माणूस म्हणजे विज्ञानाच्या बाई. तेव्हा तुम्हाला घरचं ठाऊक नव्हतं, ते मान्य. आज आहे.

म्हणून आधी ओठाचं बघू, ग्रहणाचं नंतर.

गर्भाचा चेहरा दोन्ही बाजूंनी वाढत येतो आणि मधोमध जुळतो. ओठ जुळतो गर्भारपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात, टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. कुठे जुळणी राहून गेली तर तिथे फट राहते. आता बोटांवर मोजा. बाळ जानेवारीच्या मध्यावर, दिवस भरून जन्मलं असेल तर त्याचा ओठ जुळायची वेळ होती मे महिन्यात. तेव्हा त्या माउलीला दिवस गेल्याचं नुकतंच कळलं असेल किंवा कळलंही नसेल. ७ सप्टेंबरला तिला पाचवा महिना होता. जे जुळायचं ते जुळून, जे राहायचं ते राहून तीन महिने उलटले होते. सप्टेंबरात चिरलेला कांदा मे महिन्यातल्या ओठापर्यंत पोहोचणार कसा?

कुणी म्हणेल, मग मेमध्ये ग्रहण असेल. पंचांग उघडून बघा. २०२५ साली ग्रहणं मार्चमध्ये होती आणि सप्टेंबरात होती. मेमध्ये नव्हतंच. हे आजींना सांगायला आर्यभट लागत नाही, घरातलं कॅलेंडर पुरतं.

इथे एक सावधगिरी. घरचे लगेच विचारतील, 'मग झालं तरी कशानं?' या प्रश्नाला विज्ञानाकडे आजींसारखं रोखठोक उत्तर नाही. साधारण सातशे जन्मांमागे एका बाळाला असं होतं. काही वाटा आनुवंशिकतेचा, काही गर्भावस्थेतल्या परिस्थितीचा, आणि एकेका बाळाच्या बाबतीत बहुतेक वेळा नेमकं बोट ठेवता येत नाही. शिक्षकांना 'सांगता येत नाही' म्हणणं जड जातं, म्हणून मग 'गोळ्या वेळेवर घेतल्या नसतील', 'खाण्यापिण्याकडे लक्ष दिलं नसेल' असं काहीतरी तोंडातून निघतं. तसं केलंत तर विळीचा आळ काढून गोळ्यांचा आळ ठेवलात, बाई तीच. माणसाला कारण हवं असतं, आणि कारण मिळालं नाही की घरातलं सगळ्यात गरीब माणूस सापडतं. आजींनीही नातवाचं तोंड बघून घाबरून कारणच शोधलं. ते त्यांना त्यांच्या सासूनं शिकवलेल्या जागी सापडलं. त्यांचा निष्कर्ष चुकला आहे. घाबरणं मात्र खरं आहे.

दुभंगलेल्या ओठाचं ग्रहणाशी नातं जोडणं हे फक्त आपल्याकडचं नाही. मेक्सिकोतही हीच समजूत आहे. गंमत अशी की आपल्याकडे गरोदर बाईनं ग्रहणात सुई-कात्री-विळीला हात लावायचा नाही, आणि तिकडे गरोदर बाई बाळाच्या रक्षणासाठी कपड्यांना धातूची सेफ्टी पिन लावते. चंद्र एक, ग्रहण एक, आणि पथ्यं एकमेकांच्या उलट. हे वर्गात सांगा. कुणाच्या आजीला नाव न ठेवता मुलं आपसूक विचारायला लागतात : दोन्ही बरोबर कसे असतील? हे तपासायचं कसं? तुम्हाला हवा तो तास इथे सुरू होतो.

आता माझंही सांगते, म्हणजे मी उंचावरून बोलते आहे असं वाटणार नाही. ११ ऑगस्ट १९९९. संध्याकाळी सूर्यग्रहण होतं. मी उत्साहानं पोरांना मैदानावर थांबवलं, ग्लुकोज बिस्किटांचे पुडे फोडले आणि प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन ठेवली. 'खा, बघू काय होतं ते!' आभाळ भरलेलं, सूर्य काही दिसला नाही. पोरांनी बिस्किटं खाल्ली, टाळ्या झाल्या. सगळे पांगल्यावर पाचवीतला एक मुलगा माझ्याकडे आला, खिशातून ती दोन बिस्किटं काढून म्हणाला, 'बाई, घरी सुटल्यावर खाल्ली तर चालतील ना?' घामानं आणि पावसानं त्यांचा लगदा झाला होता. मी 'चालतील' म्हटलं, पण चेहरा नापसंतीचा केला असणार, कारण त्यानं मान खाली घातली. नंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी प्रयोग असा काही केलाच नव्हता. बिस्किट खाऊन पोर जागच्या जागी आडवं होतं, असा कुणाचा दावा नव्हता. मग मी काय तपासलं? बाईंचं ऐकतो की आजीचं, एवढंच. दहा वर्षांच्या मुलाला मी त्या पेचात उभं केलं आणि त्याला वैज्ञानिक दृष्टिकोन म्हटलं.

म्हणून ग्रहण बघायला मुलांना जरूर बोलवा, पण खाणं हा कार्यक्रमाचा भाग करू नका. ज्याला खायचं तो खाईल. ज्याला उपाशी राहून दुर्बिणीला डोळा लावायचा आहे त्यानं तसा लावावा. घरी जाऊन आंघोळ करणार असेल तर करू दे. छाया चंद्रावर सरकताना त्यानं स्वतः पाहिलेली असते, आणि आंघोळीच्या बादलीत ती काही धुऊन जात नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. त्या मुलीनं आकृती बिनचूक काढली याचा तुम्हाला धक्का बसला आहे, असं दिसतं. मला नाही बसला. पेपरात पृथ्वीची छाया आणि घरी राहू, असे दोन कप्पे आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यात असतात. उपग्रह सोडण्याआधी देवदर्शनाला जाणारे शास्त्रज्ञ आपण बघतोच. 'दुसरा कप्पा जाळून टाक' असं सांगायला शिक्षक नेमलेला नाही. पहिला कप्पा इतका भक्कम करायचा की वेळ आल्यावर माणूस तो उघडेल, हे आपलं काम. आणि कप्प्यांच्या मधली भिंत आपल्याला वाटते तितकी जाड नाही. आजींच्या पंचांगातच दार आहे.

७ सप्टेंबरच्या पंचांगाचं पान काढा. स्पर्श, म्हणजे ग्रहण लागणं, रात्री ९:५७ च्या सुमारास, मग संमीलन (चंद्र पूर्ण झाकला जाणं), मध्य, उन्मीलन (तो उघडू लागणं) आणि १:२६ च्या आसपास मोक्ष, म्हणजे ग्रहण सुटणं. हे आकडे राहूला विचारून मिळत नाहीत, पृथ्वीच्या छायेच्या गणितातून मिळतात. आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये सरळ लिहून ठेवलं आहे : 'छादयति शशी सूर्यं शशिनं महती च भूच्छाया.' चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी छाया चंद्राला. पुढे ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं, छायेचं गणित स्वतः येत असूनही, राहूला वगळल्याबद्दल आर्यभटाला धारेवर धरलं. म्हणजे तुमचं आणि मुख्याध्यापकांचं भांडण चौदाशे वर्षं जुनं आहे. आणि महाराष्ट्रात शेकडो वर्षं पंचांगं ज्या 'ग्रहलाघवा'वरून झाली, ते १५२० च्या सुमारास लिहिणारे गणेश दैवज्ञ कोकणातल्या नांदगावचे. पंचांग हे गणिताचं पुस्तक आहे हे पोरांना कळू दे. 'हे ग्रहण भारतात दिसणार नाही, पाळू नये' अशी ओळ त्यात छापलेली असते. ती वाचून पोरं स्वतःच विचारतील, म्हणजे राहू परदेशात गेला का?

राहू-केतूचं तर मी दोन बांगड्यांवर शिकवायची. एक मोठी, एक थोडी लहान. लहान बांगडी मोठीत किंचित तिरकी धरायची. एक सूर्याची वाट, दुसरी चंद्राची. दोन्ही वाटांत सुमारे पाच अंशांचा कल आहे, म्हणून त्या एकमेकींना दोनच ठिकाणी छेदतात. एक राहू, दुसरा केतू. पौर्णिमेचा चंद्र यातल्या एका बिंदूजवळ असेल तरच ग्रहण, एरवी तो छायेच्या वरून किंवा खालून निघून जातो. 'दर पौर्णिमेला ग्रहण का नाही' हे चांगल्या चांगल्या पदवीधरांना सांगता येत नाही, ते आठवीतल्या पोरी हातातल्या बांगड्या काढून सांगतात. राहूची खिल्ली उडवावी लागत नाही. त्याला आकाशात जागा मिळते.

पण उलट्या बाजूनंही घसरू नका. परंपरेचा मान राखायचा म्हणून प्रत्येक चालीला 'शास्त्रीय कारण' शोधायची टूम निघाली आहे. ग्रहणात जंतू वाढतात, घातक किरण येतात, तुळशीपत्र ते शोषतं, असं व्हॉट्सॲपवर येतं आणि ते वर्गात सांगणारे शिक्षकही मला भेटले आहेत. चंद्रग्रहणात नवे किरण येत नाहीत. चंद्राचा उजेड म्हणजे सूर्याचाच परतलेला उजेड, तो फक्त कमी होतो. मला आजींच्या राहूपेक्षा या खोट्या किरणांचा जास्त राग येतो. आजी निदान ती श्रद्धा आहे असं म्हणतात. हे लोक श्रद्धेला विज्ञानाचा झगा घालतात, आणि त्यात मान ना श्रद्धेचा राहतो ना विज्ञानाचा.

तुमचा वर्ग एकाच धर्माच्या मुलांचा नसणार. 'घरी ग्रहणात काय करतात ते विचारून या' असा गृहपाठ दिलात तर रंगीबेरंगी वह्या येतील. मुसलमान घरात ग्रहणाची वेगळी नमाज असते. प्रेषितांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं, आणि लोक दोन्हींचा संबंध जोडू लागले तेव्हा त्यांनीच सांगितलं की कुणाच्या मरणानं किंवा जन्मानं सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नाही. बौद्ध घरातली मुलं बहुधा 'आम्ही पाळत नाही' असं लिहितील. कुणाची आजी 'दे दान, सुटे गिऱ्हाण' ही हाळी सांगेल. इथे मात्र जपा. ती हाळी कोण देत होतं आणि कुणाच्या दारात देत होतं, यात जात आहे. तुमच्याच वर्गात हाळी देणाऱ्यांची नातवंडं असतील आणि दान घालणाऱ्यांचीही. वह्या नावाशिवाय घ्या, मोठ्यानं वाचताना तुम्ही वाचा. कुणा एकाला उभं करून 'तुमच्यात काय करतात?' असं विचारू नका.

दहावीला 'आनुवंशिकता व उत्क्रांती' शिकवणाऱ्या शिक्षकांचीही अशीच पत्रं येतात : 'मुलगा म्हणतो, आमच्या घरी हे मानत नाहीत.' त्यांनाही माझं एकच सांगणं असतं. समजणं सक्तीचं, मान्य करणं नाही. 'जीवाश्मांवरून काय अनुमान निघतं आणि कसं' हा परीक्षेचा प्रश्न. 'तुझा विश्वास कशावर' हा परीक्षेचा प्रश्न नव्हे, आणि त्याचं उत्तर शिक्षकानं मागूही नये.

आता जिथे गप्प बसायचं नाही ते. साप चावल्यावर मांत्रिकाकडे नेणं, गरोदर बाईला वेधाच्या, म्हणजे ग्रहणाआधीच्या पाळणुकीच्या, नावाखाली दुपारपासून पाण्याशिवाय ठेवणं, बाळाचं ऑपरेशन 'नशिबात आहे' म्हणून टाळणं. इथे जीव आहे, इथे स्पष्ट बोला. सर्प-विंचू-कुत्रा चावल्यावर औषधोपचार अडवून मंत्रतंत्र करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हाच आहे. आणि गर्भवती, मुलं, म्हातारी, आजारी यांना वेधात पंचांगकर्तेच सूट देतात, हे घरोघरी ठाऊक नसतं. ते सांगायला विज्ञानाचं पुस्तकही उघडावं लागत नाही.

मुख्याध्यापकांशी वाद घालू नका. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे संविधानाच्या कलम ५१-क नुसार प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे, १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून, हे त्यांनाही माहीत असतं. त्यांना भीती असते ती दारात उभ्या राहणाऱ्या पालकांची. पुढचा ग्रहणाचा तास घेण्याआधी त्यांना टाचण दाखवा आणि 'अडाणी' हा शब्द त्यात नाही एवढी खात्री द्या. बहुतेक ठिकाणी तेवढ्यानं भागतं.

राहिली ती मुलगी. वर्गात तिचं नाव घेऊ नका, तिला एकटीला बोलावून सांत्वनही नको, सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळतील. सगळ्या वर्गासमोर म्हणा, 'त्या दिवशी मी माणसांना अडाणी म्हटलं, ते माझं चुकलं.' एवढंच. मग एखाद्या दिवशी गर्भाच्या वाढीचा तक्ता लावा आणि कोणत्या आठवड्यात काय घडतं ते शिकवा. हृदय, हात, डोळे आणि त्याच ओघात ओठ. महिना मोजायचं काम ती स्वतः करेल. आकृती बिनचूक काढणारी मुलगी आहे ती.

तिच्या आईपर्यंत मात्र मुलीच्या हातून निरोप पाठवू नका. घरात तिचीच चौकशी होईल. तुमच्या शाळेत तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आहे ना, त्यांच्या यादीत दुभंगलेला ओठ आणि टाळू आहे, आणि शस्त्रक्रिया मोफत होते. त्यांना किंवा अंगणवाडीच्या ताईंना सांगा, त्या बाळाला बघायला म्हणून जातील. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन महिन्यांच्या पुढे करतात. डॉक्टरांचा जुना ठोकताळा आहे : दहा आठवडे, दहा पौंड वजन, हिमोग्लोबिन दहा. टाळूही उघडा असेल तर ती वर्षाच्या आसपास. तोवर बाळाला ओढून पिता येत नसेल तर उभं धरून वाटी-चमच्यानं पाजायची रीत त्या शिकवतील. बाळाचं वजन वाढत नसेल तर तेही आईच्याच माथी मारलं जात असणार, म्हणून हे लवकर करा. आणि 'हे मे महिन्यातलं आहे, ग्रहणातलं नाही' हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून आजींसमोर निघालं तर उत्तम. तसं त्यांना आधी सांगून ठेवा.

आजींशीही तुम्हीच बोला, पण ओठ शिवून झाल्यावर. एखाद्या ग्रहणाच्या आधी त्यांना शाळेत बोलवा, खुर्ची द्या आणि पंचांगातलं पान मुलांना वाचून दाखवायला सांगा. घाई नाही. २ ऑगस्ट २०२७ ला, आषाढ अमावास्येला, दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसायचं आहे, पावसाळी ढगांनी दिसू दिलं तर. त्यांची नात तेव्हा दहावीत असेल. त्या दिवशी 'उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघायचं नाही' असं आजी पोरांवर ओरडतील, आणि ते शंभर टक्के बरोबर असेल. ग्रहणाचे चष्मे तेव्हा त्यांच्याच हातून वाटा.